नंदुरबारचा दहा दिवसांचा युवा मिशन कॅम्प: पोरांना घेऊन जाऊन आले, पाचपैकी साडेतीन

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या तरुण संघाची १४ पोरं घेऊन मी एका ख्रिस्ती संस्थेच्या युवा मिशन कॅम्पला, म्हणजे खेड्यात राहून सेवा करायच्या आणि ख्रिस्ताविषयी सांगायच्या शिबिराला, जाऊन आले. आता परत सुट्ट्या जवळ आल्यात, अशा कॅम्पांची पोस्टरं मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरायला लागलीत आणि रोज कोणाचा ना कोणाचा फोन येतो, ताई तुमचा अनुभव कसा होता, पोरीला पाठवू का, एवढे पैसे भरण्यासारखं असतं का. प्रत्येकाला फोनवर तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते. संस्थेचं नाव देत नाहीये, कारण सगळ्या तक्रारी मी त्यांना पत्राने कळवल्यात आणि सुधारायला त्यांना वेळ मिळायला हवा, शिवाय असे कॅम्प घेणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, तुम्ही कोणाकडेही पोरं पाठवा, बघायच्या गोष्टी त्याच आहेत.

मी नगरची. आमच्या मंडळीच्या तरुण संघाचं काम गेली ९ वर्षं बघते, म्हणजे कॅम्प, नाताळचं नाटक, गायनसंघ, कोणाची फी भरायची राहिली, कोण घरी भांडून आलंय, हे सगळं त्यात आलं. बरोबर आलेली पोरं १७ ते २३ वयाची, ८ मुली आणि ६ मुलगे. फी माणशी ४,२०० रुपये, त्यात जेवण, राहणं आणि नंदुरबारपासून पुढचा प्रवास, नंदुरबारपर्यंतचं एसटीचं तिकीट आपलं आपण. आम्ही रात्रीच्या गाडीने मनमाड, मालेगाव, धुळे करत सकाळी नंदुरबारला उतरलो, तिथून शहादा आणि मग घाट चढून जीपने धडगावच्या पुढे एका पाड्यावर. घाटात तिघांना ओकाऱ्या झाल्या, गोळ्या जवळ ठेवा.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं होतं ते खरंच फार चांगलं होतं.

निघायच्या आधी सहा शनिवार त्यांनी तयारीचे वर्ग घेतले, ऑनलाइन, दीड दीड तास, आणि दोन वर्ग बुडाले तर नाव कट. आमच्यातलं एक नाव खरंच कट झालं, मूळचे १५ होतो. पोरांना वाटलं होतं गाणी बसवायची, अ‍ॅक्शन साँग, स्किट वगैरे. पहिल्या वर्गात त्यातलं काहीच नाही. पाड्यावरच्या पास्टरांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि त्यांनाच विचारलं, आम्ही यायचं का, आलो तर तुमच्या कुठल्या कामाला हातभार लागेल. पास्टर बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, इतक्या वर्षांत लोक येतो म्हणून कळवतात, येऊ का असं कोणी विचारलं नव्हतं. मला वाटतं आमच्या पोरांना अख्ख्या दहा दिवसांत जे शिकायला मिळालं त्यातलं निम्मं त्या एका फोनमध्ये मिळालं. पुढच्या वर्गांत सातपुड्याची माहिती दिली, पावरा आणि भिल्ल समाज, पावरी बोली मराठीपेक्षा किती वेगळी आहे, सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली आणि त्यातली माणसं कुठे कुठे पांगली, दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे कशी घरंच्या घरं जातात. एक वर्ग पूर्ण काय करायचं नाही यावर होता. कोणाला पैसे द्यायचे नाहीत, कपडे वाटायचे नाहीत, गोळ्याबिस्किटं दाखवून पोरं गोळा करायची नाहीत, कोणाच्या देवाला, सणाला नावं ठेवायची नाहीत. प्रभूचं नाव सांगताना हातात काहीतरी लालूच असेल तर ती सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताची शुभवार्ता, राहत नाही, हे वाक्य त्या वर्ग घेणाऱ्या मॅडमनी इतक्या साधेपणाने सांगितलं की आमच्या पोरांनी वहीत लिहून घेतलं. संविधानाचं २५ वं कलमही वाचून दाखवलं, म्हणजे आपला हक्क काय आणि समोरच्याचा काय, दोन्ही. मंडळीत आपण पोरांना हे कधीच सांगत नाही आणि मग कोणी रस्त्यात अडवून विचारलं की पोरं घाबरून जातात.

तिथं गेल्यावर दुसरा नियम आवडला. पहिले दोन दिवस माईक नाही, गिटार नाही, बायबलचं वचन सांगणं नाही. ज्या घरी राहाल त्या घरचं काम करा. ज्वारीची कापणी चालू होती. आमच्या शहरातल्या पोरी, ज्यांना घरी आई चहासुद्धा करू देत नाही, त्या विळा घेऊन वाफ्यात उतरल्या, हाताला फोड आले, तिथल्या बायका हसल्या आणि मग त्यांनीच विळा कसा धरायचा ते शिकवलं. शिकवणारी ती आणि शिकणारी आपली पोरगी, हे नातं पहिल्या दिवशी जुळलं म्हणून पुढे सगळं सोपं गेलं असं मला वाटतं. आपण नेहमी उलटं करतो ना, उतरल्या उतरल्या आपण शिकवणारे होऊन बसतो.

गाण्याचं पण तसंच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रार्थनेला आमच्या मुलांनी गिटारवर दोन हिंदी गाणी म्हटली, लोकांनी शांतपणे ऐकली, टाळ्या वाजवल्या. मग तिथल्या बायकांनी पावरीत भजन धरलं, एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची, ढोल आला, आणि पंधरा मिनिटांत सगळं अंगण उभं राहिलं. आमचा गिटारवाला पोरगा गिटार बाजूला ठेवून ढोलकऱ्याच्या शेजारी जाऊन बसला आणि पुढचे सगळे दिवस तिथंच बसला. नगरच्या पोरांना खरंतर हे नवीन वाटायला नको होतं. नारायण वामन टिळक आपल्या नगरलाच होते, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि नंतर आयुष्यभर हेच करत राहिले, ख्रिस्ताची गोष्ट अभंगात, भजनात, कीर्तनात आणली, त्यांची गाणी आजही आपण ‘उपासना संगीत’ या गाण्यांच्या पुस्तकातून म्हणतो. ती गाणी आमच्या पोरांना पाठ आहेत, ती तशी का लिहिली गेली हे मात्र त्या अंगणात कळलं.

आता बिघडलं काय ते.

पाचव्या दिवशी वेळापत्रकात मेडिकल कॅम्प लिहिलेला. आमच्यातली एक मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हे फॉर्मवर होतं. सकाळी कळलं की डॉक्टर येणार होते ते येत नाहीयेत, तरी कॅम्प घ्यायचा, गोळ्या आणल्यात, ही मुलगी वाटेल. मुलीने सरळ नाही म्हटलं. मी अजून शिकतेय, डॉक्टर नसताना मी कोणाला गोळी देणार नाही, आमच्या कॉलेजमध्ये मला हे चालत नाही तर इथं कसं चालेल. टीम लीडर म्हणाले, विश्वासाने कर. मला त्या क्षणी फार राग आला, आणि मी तिच्या बाजूने उभी राहिले. गरिबाच्या अंगावर आपल्या पोरांनी हात साफ करायचा आणि त्याला विश्वास म्हणायचं, हे प्रभूला चालेल असं मला वाटत नाही. शेवटी पास्टरांनीच मार्ग काढला, त्यांनी मुलीला गावच्या आशाताईंकडे नेलं, आणि ती दोन दिवस त्यांच्याबरोबर घरोघर फिरली, फक्त बघायला आणि वजनाचे आकडे लिहायला. तिथं तिने पहिल्यांदा सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, पेशंट पाहिली, साधारण तिच्याच वयाची मुलगी, सांधे दुखून रात्रभर रडलेली. पुस्तकात तिने वाचलं होतं की आईबाप दोघं वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. समोर घरात चार भावंडं आणि त्यातली ही एक. मुलगी परत आली ती गप्पच, आणि आता म्हणते कोर्स झाला की अशाच भागातल्या मिशन हॉस्पिटलला अर्ज करणार. त्याच जिल्ह्यात नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला जुनं मिशन हॉस्पिटल आहे, त्याची माहिती तिने स्वतःच काढली. बघा, तिला जे मिळालं ते त्या रद्द झालेल्या मेडिकल कॅम्पने नाही दिलं, आशाताईंच्या मागे चालण्याने दिलं.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट पक्की कळली, आणि बाकीचा रिव्ह्यू त्याच्यावरच आहे. तरुण पोरांना मिशनमध्ये घ्यायचं असेल तर त्यांना कोणाच्या तरी चालू असलेल्या कामात शिकाऊ म्हणून बसवा. तिथं आधीपासून राबणारा माणूस, त्याच्या हाताखाली पोर, आणि घरी परतल्यावर त्या पोराची विचारपूस करणारं कोणीतरी. हे तीन असले तर दहा दिवस पुष्कळ झाले, आणि नसले तर वर्षभर ठेवा, ती सहलच. कॅम्पमध्ये जे जे या पद्धतीने झालं ते टिकलं, आणि जे पोरांच्या भावना उचंबळवायला केलं ते परतीच्या एसटीतच ओसरलं.

शेवटची रात्र हे त्याचं उदाहरण. दिवे मंद केले, कीबोर्ड हळू चालू, आणि बाहेरून आलेल्या वक्त्यांनी आवाहन केलं की ज्यांना पूर्ण आयुष्य मिशनला द्यायचंय त्यांनी पुढे या. माझी १२ पोरं पुढे गेली. रडत होती सगळी. मीही रडले, खोटं का सांगू. पण दहावी-बारावीनंतर काय करायचं हे ज्यांचं अजून ठरलेलं नाही, आईबापांशी बोलणं झालेलं नाही, तीन रात्री झोप नीट नाही, त्यांच्याकडून अशा वेळी आयुष्यभराचं वचन घेऊ नये. महिनाभराने मी एकेकाला विचारलं, तर दोघं वचन पाळणार म्हणाले, तिघं विषय टाळत होते, आणि बाकीच्यांच्या मनात अपराधीपणा बसलाय की आपण देवाला शब्द देऊन मोडला. तो अपराधीपणा काढायला मला किती महिने लागले ते माझं मला माहीत.

आपल्या मराठी मंडळ्यांची सुरुवातच खरंतर कॉलेजच्या पोरांपासून झाली, पण ती अशी एका रात्रीत नाही झाली, म्हणून जरा सांगते. १८०६ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये विल्यम्स कॉलेजची पाच पोरं शेतात प्रार्थनेला जमायची, एकदा वादळ आलं म्हणून ती गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली आणि तिथं आशियात सुवार्ता नेण्याविषयी बोलणं, प्रार्थना झाली. तिथून पुढे चार वर्षांनी, १८१० ला परदेशात मिशनरी पाठवणारं मिशन बोर्ड उभं राहिलं. १८१२ ला पहिली माणसं जहाजात बसली, आणि १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला उतरले, दोघंही तिशीच्या आतले. अमेरिकन मराठी मिशन ती हीच, नगरला तिचं ठाणं १८३१ ला पडलं. हॉल त्याच कॉलेजचा, पण गंजीखालच्या पाच जणांत तो नव्हता. आणि त्या पाचांचा जो म्होरक्या होता सॅम्युएल मिल्स, तो हिंदुस्थानात कधीच आला नाही, मागे राहून माणसं जमवत राहिला. म्हणजे प्रार्थनेला बसलेला प्रत्येकजण जहाजात बसला नाही, आणि जहाजात बसणाऱ्यांनाही मध्ये पाच-सहा वर्षं मिळाली, शिक्षण पूर्ण करायला, मोठ्यांशी बोलायला, कोणीतरी मागे उभं राहायला. इथं आल्यावरही कंपनी सरकारने त्यांना लगेच राहू दिलं नाही, ती परवानगी मिळेपर्यंत जीव टांगणीला होता, मग भाषा शिकले, शाळा काढल्या, छापखाना घातला. हॉल १८२६ ला नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना पटकीने गेला. तेरा वर्षं. आमच्या पोरांना हे कीबोर्डच्या आवाजात नाही, दिवसाढवळ्या सांगितलं असतं तर त्यांनी हात वर करायच्या आधी चार वेळा विचार केला असता, आणि ज्यांनी केला असता त्यांचा हात खाली आला नसता.

यातून मला सगळ्यात जास्त दुखलेली गोष्ट. आमच्यातला एक मुलगा, एफवायला आहे, चौथ्या दिवशी म्हणाला मला घरी जायचंय. पोट बिघडलं होतं, उघड्यावर जायची लाज वाटत होती, रात्री झोपेत दचकत होता, आणि घरी त्याची आई एकटीच असते. मी त्याच्या आईला फोन केला, नेटवर्कसाठी टेकडी चढून जावं लागलं, आणि शहाद्याला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर त्याला धुळ्यापर्यंत सोडायची सोय केली. इथवर ठीक. पण त्या संध्याकाळी प्रार्थनेत टीम लीडर सगळ्यांसमोर बायबलमधलं वाक्य म्हणाले की नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्याला उपयोगी नाही. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं, आणि पोरांपैकी कोणीतरी ते त्याला मेसेजवर कळवलं. तो मुलगा नंतर अडीच महिने उपासनेला आला नाही. नाताळालाही नाही.

मी त्याच्या घरी जायचे, तो आतल्या खोलीतून बाहेर यायचा नाही. शेवटी आमचे पाळकसाहेब गेले, आणि त्यांनी त्याला काही समजावलं नाही, त्याच्याशेजारी बसून फक्त मार्काची गोष्ट वाचली. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात, सुवार्तेच्या दौऱ्यावर असताना, योहान मार्क पौल आणि बर्णबाला पंफुल्यात सोडून यरुशलेमला परत गेला, का गेला ते लिहिलेलंच नाही. पंधराव्या अध्यायात बर्णबा म्हणतो त्याला परत नेऊ, पौल म्हणतो नाही, दोघांचं इतकं वाजलं की दोघं वेगळे झाले, आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्रला गेला. आणि मग किती वर्षांनी तोच पौल तुरुंगातून आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. पाळकसाहेब एवढंच म्हणाले, मार्काचं काय चुकलं ते आपल्याला माहीत नाही, पण बर्णबा त्याला सोडून गेला नाही हे माहीत आहे. पुढच्या रविवारी मुलगा मागच्या बाकावर येऊन बसला.

म्हणून कुठल्याही संस्थेला विचारताना पहिला प्रश्न हाच विचारा की मधेच एखादं पोर परत आलं तर तुम्ही काय करता. उत्तर द्यायला ते अडखळले तर पैसे भरू नका. पोराने घरी जायचं म्हटलं तर त्याला लाज न वाटता जाता आलं पाहिजे, तसं आधीच सगळ्यांसमोर सांगून ठेवलं पाहिजे.

फोटोंविषयी थोडक्यात. संस्थेचा एक माणूस कॅमेरा घेऊन होता, शेंबडी पोरं मांडीवर घेऊन आमच्या मुलींचे फोटो, डोळे मिटून डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतानाचे व्हिडिओ. त्या घरांना कोणी विचारलं नाही. आपल्या घरातल्या आजाऱ्याचा, उघड्या नागड्या पोराचा फोटो कोणी न विचारता जगाला दाखवला तर आपल्याला चालेल का. मी आमच्या पोरांचे फोन संध्याकाळी जमा करायला लागले आणि एकाही पोराने कुरकुर केली नाही, त्यांनाही ते खुपत होतं. संस्थेला पत्र गेल्यावर त्यांनी बरेच फोटो काढून टाकले, तेवढं श्रेय देते.

पैसे. हे लिहायला अवघड वाटतं पण लिहिलंच पाहिजे. १४ पोरांचे ५८,८०० रुपये आम्ही भरले. शेवटच्या दिवशी स्वयंपाकघरात पास्टरांच्या बायकोला, वहिनींना, भांडी घासायला मदत करत होते तेव्हा सहज विचारलं की किराणा पुरला का. त्या काही बोलल्या नाहीत, मग हळूच म्हणाल्या की डाळ आणि तेल शेजारून आणलं. दहा दिवस २० माणसांचं जेवण त्या चुलीवर करत होत्या, लाकडं त्यांची, पाणी त्यांनी आणि आमच्या मुलींनी लांबून आणलेलं, आणि त्यांच्या हातात संस्थेने ६,००० रुपये ठेवले होते. मी परत येऊन हिशोब मागितला. आला, उशिरा आला पण आला, त्यात प्रवास, छपाई, टीशर्ट, बॅनर, वक्त्यांचं मानधन सगळं होतं. टीशर्टांचा खर्च वहिनींच्या किराण्यापेक्षा जास्त. आमच्या मंडळीने वर्गणी काढून त्यांचं शेजारचं देणं फेडलं, ते पास्टरांना सांगून, त्यांच्या मंडळीच्या नावे. यजमानाला कर्जात घालून आपली पोरं मिशन शिकत असतील तर ती चुकीचं शिकतायत.

तारखासुद्धा आपल्या सोयीच्या होत्या. दिवाळीची सुट्टी म्हणून दिवाळी. पण तिथं तेव्हाच लोक ऊसतोडीला निघायच्या तयारीत, आम्ही असतानाच तीन घरांना कुलूप लागलं, ट्रक आला, भांडी, कोंबड्या, लहान पोरं सगळी चढली आणि गेली. पास्टर म्हणाले होळीच्या सुमाराला माणसं घरी असतात, तेव्हा आला असता तर भेटली असती. फोनवर पहिल्याच दिवशी त्यांना तारीख विचारली असती तर हे कळलं असतं, पण येऊ का विचारलं आणि केव्हा येऊ ते विचारायचं राहिलं. माझंही त्यात चुकलं, मलाही सुचलं नाही.

मुलींच्या सुरक्षेचं. राहण्याची सोय वेगळी होती, रात्री एक ताई मुलींबरोबर झोपायच्या, कुठलाही मोठा माणूस एखाद्या पोराबरोबर एकटा राहणार नाही हा नियम लेखी होता आणि पाळला गेला. १८ च्या आतल्यांच्या आईवडिलांच्या सह्या घेतल्या होत्या. इथं पूर्ण मार्क. आपल्याकडे मुलींना पाठवायला घरचे तयार होत नाहीत, ते मी समजू शकते, पण केडगावला मुक्ती मिशनमध्ये १९०५ ला पंडिता रमाबाईंनी खेड्यात जायला मुली मागितल्या तेव्हा तीसएक मुली उभ्या राहिल्या होत्या, आणि निघायच्या आधी त्या रोज एकत्र प्रार्थनेला बसायच्या. आपल्या पोरी काही कमी नाहीत, त्यांची काळजी घेणारी व्यवस्था आधी उभी करा, मग घरचेही पाठवतात. एक ठपका मात्र आहे. आठव्या दिवशी अचानक गाडी सीमेपलीकडे गुजरातेत एका प्रार्थनासभेला नेली, पालकांना काही कळवलं नव्हतं. गुजरातेत धर्मांतराविषयी २००३ पासूनचा वेगळा कायदा आहे, शेजारी मध्य प्रदेशातही २०२१ चा आहे, आपली पोरं काहीही चुकीचं करत नसली तरी राज्य बदललं की नियम बदलतात. त्याची माहिती पोरांना आणि घरच्यांना आधी द्यायलाच हवी होती. मी गाडीत चढायला तयार नव्हते, पण पोरं आधीच दुसऱ्या गाडीत होती.

परत आल्यानंतर संस्थेकडून काय आलं तर एक सर्टिफिकेट आणि पुढच्या कॅम्पचं पोस्टर. फोन एक नाही. दीड गुण तिथंच गेला.

मग आम्हीच ठरवलं. खरं सांगायचं तर यात मंडळ्यांचा दोष संस्थांपेक्षा मोठा आहे. तरुणांना आपण काय देतो, खुर्च्या उचलायला, नाताळचा तारा टांगायला, साउंड लावायला. पैशाचा निर्णय, भेटी द्यायचा निर्णय, कोणाला मदत करायची तो निर्णय, तिथं त्यांना कोणी बोलावत नाही, आणि मग म्हणायचं तरुण पिढी मंडळीत राहत नाही. आम्ही पंचकमिटीपुढे, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांपुढे, मागणी केली की त्या पाड्याशी नातं ठेवायचं काम पूर्ण तरुण संघाकडे द्या, पैशासकट. दोन मीटिंगा वाद झाला. एक जुने पंच म्हणाले पोरं पैसे उधळतील. शेवटी वर्षाला १८,००० रुपये मंजूर झाले, हिशोब पोरांनी ठेवायचा, दर तीन महिन्यांनी मांडायचा. आत्तापर्यंत दोनदा मांडला, एक रुपया इकडचा तिकडे नाही. पास्टरांशी महिन्यातून एकदा फोन, काय पाहिजे ते त्यांनी सांगायचं. त्यांनी काय सांगितलं माहितीये, ऊसतोडीला न जाता मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे असलेल्या पोरांच्या अभ्यासासाठी सोलरचे दिवे. आम्ही मनात गाणी आणि व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, धरून बसलो होतो.

तर पाठवायचं का. तुमच्या मंडळीत पोरं परत आल्यावर त्यांच्याशी बसणारं एक तरी माणूस असेल तर पाठवा, तयारीचे वर्ग खरंच सोन्यासारखे आहेत, त्यासाठी मी साडेतीन दिलेत आणि त्यातले दोन त्या वर्ग घेणाऱ्या मॅडमचे आणि पास्टर-वहिनींचे. असं माणूस नसेल तर यावर्षी थांबा, ४,२०० रुपये जपून ठेवा. एकट्या पोराला पाठवू नका, निदान दोघं तरी एकाच मंडळीची असू द्या. आणि हिशोब, फोटोचा नियम, परत यायची सोय, यजमानाने दिलेली तारीख, हे फी भरायच्या आधी लेखी मागून घ्या, मागायला संकोच करू नका.

आम्ही होळीच्या आधी परत गेलो, संस्थेशिवाय, आमचे आम्ही, पाचच जण, चार दिवस. तो चौथ्या दिवशी परतलेला मुलगा स्वतःहून आला. पहिल्यांदा गेला होता तेव्हा त्याने पावरी शब्दांची एक वही सुरू केली होती, ती आजारपणात पाड्यावरच राहिली होती. वहिनींनी ती गोधडीखाली जपून ठेवलेली. त्यांनी ती त्याच्या हातात दिली तर मागच्या पानांवर त्यांच्या मुलीने, सातवीत आहे ती, अजून साठ-सत्तर शब्द लिहून ठेवले होते, मराठी अर्थासकट. आता दर रविवारी उपासना झाली की तो मंडळीच्या पायरीवर बसून तिला फोन लावतो आणि उच्चार विचारतो, आणि ती चुकलं की हसते ते आम्हाला आतपर्यंत ऐकू येतं.